विमा संपला तरी गोळी थांबायला नको



बाळंतपणासाठी, ऑपरेशनसाठी, मुलाच्या फीसाठी कर्ज हवं असलं की गटाच्या बैठकीत आपण ते मोकळेपणाने मागतो. मनाच्या आजाराचं मात्र तसं होत नाही. नवऱ्याला भास होतात, मुलगी महिनोन् महिने अंथरुणातून उठत नाही, जाऊबाई रात्रभर जागीच असते, हे कोणी बोलत नाही. कर्ज मागितलं तरी कारण ‘घरखर्च’ असं सांगितलं जातं. आजार लपला की त्याच्यासाठी असलेली मोफत सोयही लपते. मग ती बाई एकटीच महागडा खर्च करत राहते आणि पैसे संपले की गोळ्या बंद करते.

गोळ्या बंद होण्याचं एक मोठं कारण विम्याशी जोडलेलं आहे. ‘कार्डावर इलाज झाला होता, आता कार्ड चालत नाही म्हणतात.’ ‘कंपनीतून कमी केलं, ईएसआय गेलं.’ अशा वेळी पुढे काय करायचं, ते या लेखात एकेक करून पाहू.

विमा कशाचे पैसे देतो?

आपल्याकडच्या बहुतेक सरकारी विमा योजना खाटेचे पैसे देतात. म्हणजे माणूस रुग्णालयात भरती झाला, तर त्या दिवसांचा खर्च योजना उचलते. आयुष्मान भारत योजना आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना अशाच आहेत. आज या योजनांत एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. आयुष्मान योजनेत मानसिक आजारासाठीही उपचार ठरवून दिलेले आहेत, पण ते भरती होणाऱ्या रुग्णासाठी. घरी सोडल्यावर १५ दिवसांपर्यंतची औषधं त्यात धरलेली असतात. त्यानंतरची नाहीत.

मनाच्या आजाराचं गणित उलटं असतं. भरती व्हायची वेळ अनेकांवर कधीच येत नाही. आली तरी ती काही दिवसांची, फार तर काही आठवड्यांची. खरा इलाज असतो तो दर महिन्याला डॉक्टरांना भेटण्याचा आणि रोजची गोळी घेण्याचा. तो कधी सहा महिने, कधी दोन वर्षं, कधी त्याहून जास्त चालतो. आणि याच भागाला कार्ड लागू होत नाही. त्यामुळे ‘कार्ड संपलं’ असं वाटतं, तेव्हा बऱ्याचदा कार्डातले ५ लाख तसेच पडून असतात. पुन्हा भरती करावं लागलं तर ते उपयोगी पडतील, म्हणून कार्ड जपून ठेवा. योजनेची चौकशी १५५३८८ या नंबरवर किंवा योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करता येते.

बँक खात्यातून वर्षाला २० रुपये आणि ४३६ रुपये कापले जातात, त्यावरही काही ताई भरवसा ठेवून असतात. २० रुपयांची सुरक्षा विमा योजना अपघाताची आहे. ४३६ रुपयांची जीवन ज्योती योजना मृत्यूनंतर वारसाला पैसे देणारी आहे. दोन्ही चालू ठेवाव्यात, पण त्यातून कोणत्याच आजाराचा दवाखान्याचा खर्च मिळत नाही. ‘निरामय’ ही योजना बाहेरच्या तपासणीचेही पैसे देते, पण ती स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया तिच्यात बसत नाही.

कोणी खाजगी कंपनीची पॉलिसी घेतली असेल, तर एक गोष्ट माहीत असू द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना बजावलं आहे की शरीराच्या आजाराला जसा विमा देता तसाच मनाच्या आजाराला द्या. ‘मानसिक आजार आहे म्हणून क्लेम नाही’ असं उत्तर कंपनी देऊ शकत नाही. तसं उत्तर मिळालं तर ते लेखी मागा आणि तक्रार करा.

कंपनीतून कमी केलं, मग ईएसआयचं काय?

वाशिंद, आसनगाव, आटगाव या पट्ट्यातल्या कारखान्यांत आपल्या घरचे बरेच जण ठेकेदारीवर आहेत. ज्यांच्या पगारातून ईएसआय कापलं जातं, त्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला बाहेरच्या तपासणीपासून औषधांपर्यंत सगळं मिळतं. म्हणून नोकरी सुटली की घाबरायला होतं. पण नोकरी सुटली त्याच दिवशी ईएसआय सुटतंच असं नाही.

ईएसआयचं वर्ष दोन भागांत चालतं. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये कापलेल्या पैशांवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये फायदा मिळतो. ऑक्टोबर ते मार्चमध्ये कापलेल्या पैशांवर जुलै ते डिसेंबरमध्ये. त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. समजा, एखादा कामगार दोन-तीन वर्षं कामावर होता आणि ऑगस्टअखेर त्याला कमी केलं. एप्रिल ते ऑगस्टमध्ये त्याचे ७८ दिवस भरले असतील, तर त्याला पुढच्या जूनपर्यंत दवाखान्याचा लाभ मिळू शकतो. एवढ्या महिन्यांत इलाज सरकारी रुग्णालयाकडे नीट वळवून घेता येतो.

नोकरी चालू असतानाचीही एक सोय फार थोड्यांना माहीत असते. ईएसआयमध्ये लांबलेल्या ३४ आजारांसाठी जादा आजारपण लाभ आहे. त्या यादीत स्किझोफ्रेनिया आणि तीव्र नैराश्यासारखे मनाचे आजारही आहेत. या लाभात पगाराच्या ८० टक्के रक्कम मिळते आणि तो दोन वर्षांपर्यंत वाढवता येतो. त्यासाठी साधारण दोन वर्षांची सलग नोकरी आणि त्या काळात १५६ दिवसांची वर्गणी लागते. म्हणून घरातला माणूस आजारी पडला की आधी राजीनामा लिहून देऊ नका. ईएसआयच्या डॉक्टरांचा दाखला घ्या आणि शाखा कार्यालयात विचारा.

कार्ड नसलं तरी कायदा आहे

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ पासून लागू आहे. त्यातल्या कलम १८ मधल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी मानसिक रुग्णालयात इलाज पूर्ण मोफत मिळाला पाहिजे. त्याच्याकडे दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो. ज्या कातकरी, ठाकूर कुटुंबांचे कागद अजून पुरे झालेले नाहीत, त्यांच्यासाठी ही ओळ फार मोलाची आहे.

दुसरी, अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मनाच्या आजाराची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी रुग्णालयांत कायम मोफत मिळाली पाहिजेत. ही सोय फक्त गरिबांसाठी नाही, मानसिक आजार असलेल्या प्रत्येकासाठी आहे. देशाच्या यादीत रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, क्लोझापीन, फ्लुओक्झेटीन, एसिटालोप्राम, लिथियम, सोडियम व्हॅल्प्रोएट ही नावं आहेत. आपल्या चिठ्ठीवरचं औषध यातलं आहे का, ते फार्मासिस्टला विचारा. बाहेरच्या चिठ्ठीवर कंपनीचं नाव असतं, त्यामुळे तेच औषध वेगळं वाटतं.

तिसरी, रुग्णाला इलाजासाठी लांब जावं लागू नये, सेवा त्याच्या राहत्या जागेजवळ मिळावी.

याशिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सेवा मोफत केली आहे. म्हणजे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात पैसे मागायचे नाहीत.

शहापूर-मुरबाडमधून कुठे जायचं?

सुरुवात गावातच करा. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनीवरून मोबाईलवर मोठ्या डॉक्टरांशी मोफत बोलणं करून देऊ शकतात. आशाताईला सांगा. गावात बोलायला संकोच वाटत असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन करा. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. जवळ इलाज कुठे मिळेल, हेही तिथे विचारता येतं.

पुढचा टप्पा म्हणजे शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, खर्डी आणि मुरबाडची ग्रामीण रुग्णालयं. वर सांगितलेला मोफत औषधांचा हक्क इथपासून सुरू होतो. मानसोपचार तज्ज्ञ रोज नसतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कोणत्या वारी येतं, ते आधी फोन करून किंवा आशाताईकडून विचारून घ्या. चुकीच्या वारी गेलं की एक रोज उगाच बुडतो.

त्यानंतर ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. हे १९०१ सालचं. राज्यात अशी चार आहेत: ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. ‘ठाण्याला नेलं’ म्हटलं की आपल्याकडे लोक वेगळाच अर्थ काढतात. पण तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. सकाळी आटगावहून लोकलने जायचं, तपासून गोळ्या घ्यायच्या आणि संध्याकाळी घरी यायचं. तपासायला गेलं म्हणजे कोणी कोंडून ठेवत नाही.

पहिल्यांदा जाताना जुनी सगळी चिठ्ठ्यांची फाईल, डिस्चार्ज कार्ड, आधार आणि रेशनकार्ड बरोबर असू द्या. आधीच्या दवाखान्याने कागद दिले नसतील तर मागा. आपल्या इलाजाचे कागद मिळणं हाही या कायद्यातला हक्क आहे. तब्येत स्थिर झाली की ठाण्याच्या डॉक्टरांना एक विनंती जरूर करा: ‘याच गोळ्या आमच्या शहापूरच्या (किंवा मुरबाडच्या) रुग्णालयातून मिळतील असं पत्र द्या.’ दर महिन्याच्या मोठ्या फेऱ्या त्या एका कागदाने वाचू शकतात.

वर्षाचा हिशोब मांडून बघा

खाली दिलेले आकडे समजण्यापुरते आहेत. आपल्या घरचे आकडे घालून बघा.

समजा, खाजगी डॉक्टरांची फी ८०० रुपये, गोळ्या १,५०० रुपये, दोघांचं जाणं-येणं ३०० रुपये आणि दोघांचा बुडालेला रोज ८०० रुपये. महिन्याला ३,४०० झाले. वर्षाला ४०,८००. एवढे पैसे मजुरीच्या घरातून निघत नाहीत. चौथ्या-पाचव्या महिन्यात गोळ्या बंद होतात.

सरकारी रुग्णालयात फी नाही, गोळ्या मोफत. राहिलं जाणं-येणं ३०० आणि रोज ८००. महिन्याला १,१००, वर्षाला १३,२००. म्हणजे आता सगळा खर्च प्रवासाचा आणि बुडालेल्या मजुरीचा आहे. तोही कमी करता येतो. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा सोबतीला घरातली बाई गेली तर भाडं वाचतं. तब्येत स्थिर असेल तर डॉक्टरांना विचारून दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम घेता येतात का, ते बघा. गावात दोन रुग्ण असतील तर त्यांची तारीख एकच घ्या, एकच सोबती दोघांना नेईल.

एखादं औषध रुग्णालयात नसेल आणि विकत घ्यावंच लागलं, तर आधी जनऔषधी केंद्रात विचारा. त्यासाठी डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. मूळ नावाची गोळी कंपनीच्या नावाच्या गोळीपेक्षा बरीच स्वस्त पडते.

कोणी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून किंवा पैसे नाहीत म्हणून गोळ्या एकदम सोडू नयेत. त्रास पुन्हा उलटतो, कधी आधीपेक्षा जोरात. मग पुन्हा भरती, पुन्हा रोज बुडणं. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च होतो. लिथियम चालू असेल तर रक्ताची तपासणी वेळच्या वेळी करावी लागते, तीही सरकारी रुग्णालयात करून घ्या. आणि सोडियम व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलीने किंवा सुनेने मूल व्हायचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांना सांगावं. त्या औषधाने पोटातल्या बाळाला धोका असतो. पण तेव्हाही गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टर बदलून देतात.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांनी आणखी काळजी घ्यावी. निघण्याआधी डॉक्टरांना सांगून जास्त दिवसांच्या गोळ्या घ्या, चिठ्ठीची झेरॉक्स जवळ ठेवा आणि भट्टीजवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, ते विचारून ठेवा. तिथून परत येईपर्यंत चार-सहा महिन्यांचा खंड पडला, तर मागचा सगळा इलाज वाया जातो.

भगताकडे गेलेले पैसे

आपल्या भागात बऱ्याच घरांत पहिली पायरी भगताची असते. कोणाच्या श्रद्धेला आम्ही नावं ठेवत नाही. देवाला हात जोडा, अंगारा लावा, पण गोळी थांबवू नका. कोंबडं, बोकड, बाहेरगावचा देवऋषी यांत गेलेला पैसा हिशोबात कधी धरला जात नाही. एकदा तोही वहीत लिहून बघा. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, चटके देणं हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. रुग्णाला साखळीने बांधून ठेवायला मानसिक आरोग्य कायद्याचीही मनाई आहे.

औषध नाही म्हणाले तर?

असं होतं, हे आपल्याला माहीत आहे. अशा वेळी तसंच परत यायचं नाही. चिठ्ठीवर ‘औषध उपलब्ध नाही’ असं लिहून मागा. मग रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना भेटा आणि साधा अर्ज द्या, त्याची पोच घ्या. सेवेत कसूर झाली तर तक्रार करण्याचा हक्क याच कायद्यात आहे. आधी रुग्णालयाच्या प्रमुखांकडे आणि तिथे दाद लागली नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे. वकील लागला तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना, अनुसूचित जमातींना आणि मानसिक आजार असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन नंबर १५१००.

एकट्या बाईच्या अर्जापेक्षा ग्रामसंघाच्या लेटरहेडवरच्या अर्जाला लवकर उत्तर येतं. हे आपण रेशनच्या आणि पाण्याच्या कामात बघितलेलं आहे.

आजार लांबला असेल आणि माणूस काम करू शकत नसेल, तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही धरलेला आहे. ४० टक्के किंवा जास्त प्रमाण निघालं तर सरकारी योजनांची दारं उघडतात. संजय गांधी निराधार योजनेत आपलं नाव बसतं का, याची चौकशी तहसील कार्यालयात करा.

गट काय करू शकतो?

दशसूत्रीत आरोग्य आहे, आणि मन त्यातच आलं. गटाच्या अंतर्गत कर्जातून दवाखान्याचं भाडं देता येतं. ग्रामसंघाकडचा जोखीम निधी, ज्याला आपण व्हीआरएफ म्हणतो, तो अशाच अडलेल्या घरांसाठी असतो. व्याज किती, परतफेड कधी, हे ग्रामसंघाने ठरवायचं. वर्षाला १३ हजारांचं ओझं गटाला झेपण्यासारखं आहे, ४० हजारांचं नाही. म्हणून आधी इलाज सरकारी रुग्णालयाकडे वळवा आणि मग भाड्यापुरतं कर्ज द्या. फायनान्स कंपनीचा हप्ता डोक्यावर घेऊन महागड्या गोळ्या आणायची वेळ कोणत्याही ताईवर येऊ नये.

पुढच्या बैठकीत एवढं करू या:

१. १४४१६ हा नंबर प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये भरून घ्यायचा.

२. शहापूर, खर्डी किंवा मुरबाडला मानसोपचार तज्ज्ञ कोणत्या वारी येतात, ते एकीने विचारून यायचं आणि वहीत लिहायचं.

३. कर्जाच्या कारणात ‘मनाचा आजार’ हे इतर आजारांसारखंच लिहायचं. नाव आणि बोलणं बैठकीबाहेर न्यायचं नाही.

४. ज्या घरात गोळ्या चालू आहेत, तिथे गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी आठवण करायला एक ताई नेमायची.

हे थांबवून ठेवू नका

कोणी ‘जगून काय करू’ असं बोलत असेल, सगळ्यांचा निरोप घेत असेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल, तर तिला एकटं सोडू नका. सरळ विचारा, ऐकून घ्या. विचारल्याने ती गोष्ट डोक्यात भरते असं नाही, उलट मोकळं होता येतं. शेतातलं औषध आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा. १४४१६ ला फोन करा. जिवाला धोका असेल तर १०८ वर गाडी बोलवा. पोलीस केसच्या भीतीने कोणी रुग्णालयात न्यायचं टाळू नये. अशा माणसावर मोठा ताण होता असं समजून कायदा त्याला शिक्षेपासून दूर ठेवतो, आणि त्याची काळजी घेणं, इलाज करणं ही सरकारची जबाबदारी मानतो.

ही पानं बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. ज्या ताईला याची गरज आहे ती कदाचित काही विचारणार नाही, गप्प बसून ऐकेल. तिला वारही कळेल आणि नंबरही.